उरल्या कणकेची पोळी

मैत्रिणींनो, पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यावर आज पहिल्यांदा कर्वेनगरच्या पोळी-भाजी केंद्रात कामाला गेले.

आमची रीत अशी, की गिऱ्हाइकांचं आवरलं की उरल्या कणकेची एक जाड पोळी करायची आणि तूप-गूळ लावून सगळ्या बायकांनी एका ताटात खायची. आज ती मीच भाजली.

मला डॉक्टरांनी अजून पातळच खायला सांगितलंय. माझ्यासोबत पोळ्या लाटणारी शालन म्हणाली, "आजी, तुम्ही लांब बसा, उगाच त्रास."

"पोट कापलंय गं, नाक नाही. सरक."

सवयीने तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला. वास घेतला आणि शालनच्याच तोंडात कोंबला.

वजन उतरल्यामुळे गुडघे आता दुखत नाहीत, ते खरं. पण असं ऑपरेशन झालेल्यांनो, ही ओढ कधी जाते?