चुलीवरच्या फळीवरचं विलायती गाणं

मामा मालवाहू जहाजावर खलाशी होता. विलायतेतल्या कुठल्याशा बंदरातून त्याने एकदा दोन टॉवेल, एक साबणाची वडी आणि एक कॅसेट आणली. कॅसेटच्या वेष्टनावर चार हडकुळे गोरे तरुण मोठाले कोट घालून बसथांब्यावर उभे होते. चौघांच्याही चेहऱ्यावर बस चुकल्याचा भाव होता. ऐंशीच्या दशकातलं ते इंग्रजी पॉप. मामा म्हणाला, दुकानदाराने खपत नसलेल्या मालाच्या टोपलीत टाकली होती, म्हणून उचलली.

खुद्द त्यांच्या देशाला नको असलेली ती गाणी जयगडच्या वाटेवरच्या आमच्या वाडीला मात्र हवी होती, कारण घरात दुसरी कॅसेटच नव्हती. टेपरेकॉर्डर होता, तोही मामाच्याच आधीच्या खेपेचा.

कॅसेट आली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. दोन-तीन गाणी वाजली असतील, तिसऱ्याच्या ऐन मध्यावर सेल संपले. नवे सेल आणणं पुढं ढकललं गेलं आणि कॅसेट आईच्या ताब्यात गेली. आमच्याकडे पावसात चपलांना, पुस्तकांना, भिंतींनाही बुरशी धरते. जे टिकायला हवं ते आई चुलीवरच्या फळीवर ठेवी. बियाणं, सुकट, काडेपेटी आणि त्या वर्षी ही कॅसेट. आईच्या लेखी ती घरातली सगळ्यांत मानाची जागा होती.

पाऊस उघडल्यावर कॅसेट खाली उतरली ती धुराचा आणि सुकटाचा वास घेऊन. नवे सेल घातले, गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सरकलं, आणि एका ओळीच्या शेवटी गाणाऱ्याचा आवाज हळूच खाली गेला. डोक्यावरचा भारा उतरवून माणूस दमून बसतो तसा बसला, आणि पुढच्या ओळीला पुन्हा उठला. दादाच्या अंगावर काटा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा कान असा की एकदा ऐकलेलं गळ्यात बसायचं. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं आणि मलाही. तो एवढंच म्हणाला, "बघ गो, कसा खाली येतो! रडत नाय, पण खाली येतो."

त्याच चालीवर त्याने जयंतीचं गाणं बांधलं. एप्रिलात जयंतीच्या दिवशी विहारापुढं तो गायचा, बायका झील धरायच्या, आणि त्या ओळीपाशी सगळी वाडी एकदम खाली यायची. ही चाल विलायती आहे, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत आला. कुणी मानलं नाही. "होय बा, राणीनं पाठवली तुला," म्हणून बायका खिदळायच्या. कॅसेट पुढं तुटली, मामा गेला, मी शिक्षिका झाले, शहरात राहायला आले, निवृत्तही झाले. गाणं मात्र दर एप्रिलात वाडीत ठरल्या जागी खाली येत राहिलं.

यंदा माझी लेक सुट्टीवर आली. बोलता बोलता मी त्या कोटवाल्यांचं वर्णन केलं, तर तिने तासाभरात त्यांना फोनमधून शोधून काढलं. अल्बम अख्खा होता. त्याच्याविषयी लिहिलेल्या जेमतेम काही ओळी, त्याही उपकार केल्यासारख्या. खपला नाही, चौघे पांगले, संपलं. मला राग आला. आपल्या घरच्या माणसाबद्दल परक्याने दोन शब्दांत निकाल द्यावा तसं वाटलं.

लेकीने कानात इअरफोन कोंबले आणि मी गॅलरीत खुर्ची ओढून बसले.

काय सांगू! आमच्या त्या एका स्पीकरच्या डब्यातून आम्ही ऐकलं होतं ते म्हणजे बंद दाराबाहेरून ऐकलेलं. आता दार उघडलं. डाव्या कानात एक गिटार इतक्या हलक्या हाताने वाजत होती की तिला कुणी ऐकावं अशी तिची अपेक्षाच नसावी. ओळ सुरू करण्याआधी गाणारा श्वास घेत होता, तो श्वास मला ऐकू आला. एका गाण्यात फक्त आवाज आणि मागं एकच लांबवलेला सूर, बाकी काही नाही, आणि तरी कुठं रिकामं वाटत नव्हतं. आता शब्दही कळत होते. समुद्रकाठच्या लहान गावातली, थंडीत बंद पडलेल्या दुकानांची, निघून गेलेल्या माणसांची साधी गाणी. आमच्या हर्णै-जयगडच्या कुणालाही कळावीत अशी. कुणी विचारणार नाही ते काम कुणी इतक्या मायेने केलं असेल, या विचाराने मी थक्क झाले. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

मग ती ओळ आली, आणि आवाज खाली गेलाच नाही. सरळ, वरच्या वर निघून गेला.

मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. लेकीला चूल, फळी, सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "आई, कॅसेटच्या उघड्या तोंडाशी टेपचा जेवढा तुकडा होता तेवढा तापून सैल पडला असणार, म्हणून तिथं सूर उतरायचा!" सेल संपून गाणं जिथं अडकलं होतं, नेमकं तिथंच. एवढी वर्षं आमची वाडी आईच्या चुलीची धग गात होती.

मी जन्माची शिक्षिका. चूक दिसली की हात शिवशिवतो. पण या वेळी गप्प बसावंसं वाटलं. दादाला दम्याने जेरीस आणलंय. यंदाची जयंती आपली शेवटची, पुढं दुसऱ्या कुणी गावं, असं त्याने जाहीर केलं होतं. जयंतीआधी वाडीत जाऊन त्याला अल्बम ऐकवावा, ती ओळ मात्र ऐकवू नये, असा माझा बेत होता. तो अर्थातच फसला. दादाने डोळे मिटून पहिल्यापासून सगळं ऐकलं, मध्ये दोनदा "आयला" म्हणाला, आणि त्या ओळीपाशी डोळे उघडले.

"म्हंजे जन्मभर चुकीचं गायलो मी," तो म्हणाला. "शेवटचं तरी बरोबर गाऊन जाईन."

पुढचे दिवस विहारात तालीम चालली. दादा ओळ सरळ गाऊन दाखवी. बायका माना डोलवत आणि खाली येत. तो चिडे. "अगो, खाली यायचं नाय!" त्या "बरं बरं" म्हणत आणि पुन्हा खाली येत. त्यांच्यातल्या निम्म्या हे गाणं ऐकतच या वाडीत नांदायला आल्या होत्या. जयंतीच्या सकाळपर्यंत दादा इतका कष्टी झाला की गातो की नाही, याची मला धास्ती होती.

गायला उभा राहिला खरा. आवाज बारीक, पण सूर पक्का. ती ओळ आली. तो ठरवल्याप्रमाणे वर राहिला आणि सगळी वाडी खाली आली. वरती एकटा दादा, खाली बायका, पोरं, म्हातारी माणसं. दोन्ही सूर एकमेकांत असे बसले की मी श्वास घ्यायचा विसरले. असं त्या गोऱ्यांच्या अल्बमात नव्हतं, आमच्या कॅसेटमध्येही नव्हतं. ते कुणीच केलेलं नव्हतं आणि आमच्यासमोर उभं होतं. दादा दचकला. त्याने बायकांकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्याला त्याने तो सूर मुद्दाम वर धरला, छाती भरून, दम लागेतो.

गाणं संपल्यावर तो खुर्चीत बसला. धाप लागली होती. मी पाणी दिलं, ते त्याने हातातच ठेवलं.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "तालीम जरा लवकर धरूया."