डबस्टेपचं मूळ गाव

बँड काढला की गाणी जमतात असं लोकांना वाटतं. आमची सगळी गाणी मिळून एका चहात ऐकून संपतील. किस्से मात्र इतके साठलेत की घरी पाहुणे आले की आईच म्हणते, "मंजिरी, तो गिरणीचा सांग." मग गिरणीचा कळावा म्हणून त्याच्या आधीचा सांगावा लागतो, त्याच्यासाठी आणखी आधीचा, आणि शेवटी बशीत चिवड्याचे फक्त शेंगदाणे उरतात. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगते.

आम्ही तिघं होतो. मी बेस गिटार वाजवते आणि दिवसा विम्याच्या ऑफिसात बसते. विकास कांबळे गिटार वाजवतो, गातो, म्हणजे घशातून गुरगुरतो, आणि दिवसा एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतो. श्रीनू ड्रमवर. त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे आमच्याकडं नट, बोल्ट आणि केबल कधी कमी पडत नाहीत. वाजवायचो मेटल. दुसरं काही वाजवायचं असतं हे विकासला मान्य नव्हतं.

* * *

आम्हाला दुसरा गिटारवाला हवा होता. मित्रांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि एका रविवारी सकाळी अंबरपेठच्या आमच्या सरावाच्या खोलीत इम्रान आला. पाठीवर छोटी बॅग, बाकी काही नाही.

"गिटार?" विकासनं विचारलं.

इम्राननं बॅगेतून लॅपटॉप काढला. "इसमें है भाई."

"ॲम्प?"

"वो भी इसमें है."

विकासचा चेहरा पडला. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "आणि तू? तू बाहेर आहेस की तूपण त्यातच आहेस?"

इम्राननं एक बटण दाबलं. हळू, जड ठेका सुरू झाला. मग सगळं एकदम थांबलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. आणि मग खालून असा एक बेस कोसळला की श्रीनूच्या स्टुलाखालचा स्क्रू निघून घरंगळत दारापर्यंत गेला. हार्डवेअरवाल्याचा मुलगा तो. त्यानं स्क्रू उचलला, बघितला आणि म्हणाला, "इसकू लेलो."

तर असं डबस्टेप आमच्या घरात आलं. त्या कोसळण्याला ड्रॉप म्हणतात. मेटलमध्येही असंच होतं, पळतं गाणं एकदम संथ आणि जड होतं, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. यात फरक काय आहे हे मला विचारू नका. त्या दोघांना विचारलं तर मात्र दुपारचं जेवण चुकतं.

* * *

नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात तो वाद पहिल्यांदा झाला. विकासचं म्हणणं, डबस्टेप हे मेटलचंच पोर आहे. तोच जडपणा, तीच गुरगुर, फक्त गिटार धरायचे कष्ट नकोत म्हणून मशीनवर केलेलं.

इम्रानला हे फार लागलं. तो म्हणाला की डबस्टेप दक्षिण लंडनमधलं, क्रॉयडनचं. त्याच्या मागं डब, म्हणजे जमैका, तिथले गल्लीत उभे केलेले उंच उंच स्पीकर. "असल डबस्टेप में तो चिल्लाना हैच नै भाई. खाली जागा है, अंधेरा है, बेस है. वो गुर्रगुर्र तो बाद में अमेरिका जाको सीखा."

"मग ते गुरगुरणं कुणाकडून शिकलं? मेटलकडूनच ना," विकास म्हणाला. "ब्रेकडाउन आधी झाला. ड्रॉप नंतर."

शेजारच्या टेबलावर एक माणूस बशीतून चहा पीत होता. नखांत ग्रीस. बराच वेळ तो ऐकत होता. शेवटी त्यानं बशी खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, "कां पे ब्रेकडाउन हुआ? कौनसी गाडी?"

"गाडी नै भाई. म्यूझिक," इम्रान म्हणाला.

त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "अच्छा. पर ड्रॉप करना है बोल रे थे ना. मैं अंबरपेठ जा रौं. किसीकू ड्रॉप होना?"

विकास आणि इम्रान एकमेकांकडं बघत बसले. श्रीनूनं चहा संपवला, उठला आणि त्या माणसाच्या स्कूटरवर मागं बसून निघून गेला.

* * *

आता आईच्या आवडीचा.

आमची खोली जाधवकाकांच्या पिठाच्या गिरणीवर होती. काका चांगला माणूस. एकदाच तक्रार घेऊन वर आले, तीही तक्रार नव्हती. म्हणाले, "एक बाई ज्वारी दळून न्यायला आली. तुमचं वर चालू होतं. घरी जाऊन फोन केला तिनं, पीठ चाळूनच दिलं का म्हणून. आता रोज वाजवणार असलात तर मी बोर्डावर 'चाळून मिळेल' असं लिहून टाकतो."

एका रविवारी आम्ही गाणं रेकॉर्ड केलं होतं. पुढच्या रविवारी इम्राननं ते ऐकवलं. त्यात गाण्याच्या पोटातून एक आवाज येत होता, खोल, खरखरीत, ठेक्यावर बसलेला. विकासनं डोळे मिटले.

"हा," तो म्हणाला. "हा टोन. वर्षानुवर्षं मी हा शोधतोय. कसा जड आहे बघ, दाणेदार. मंजिरी, ऐकतेस ना? याला मेटल म्हणतात. इम्रान, तुझ्या त्या लंडनवाल्यांना जमेल का रे हे? कुठला ॲम्प आहे?"

"ॲम्प नै. नीचे का है," इम्रान म्हणाला.

"नीचे म्हणजे? लो ट्यूनिंग?"

"नै रे. नीचे का. जाधव अंकल का."

विकासनं डोळे उघडले. खाली गिरणी चालूच होती. आवाज तोच, फक्त इम्राननं तो जरा खाली उतरवून ठेक्यात कापला होता. मी तोंडावर हात धरून बसले. विकास मात्र हार मानणारा नव्हे. तो म्हणाला, "असू दे. गिरणी असली तरी टोन मेटलच आहे."

श्रीनू इतका वेळ काड्या पुसत होता. त्यानं शांतपणे विचारलं, "चक्की में पत्थर रहता ना? तो वो रॉक हुआ. मेटल कैसा?"

* * *

त्याच वर्षी हिमायतनगरच्या आमच्या मराठी मंडळानं गणपतीत आम्हाला बोलावलं. माझी आई कमिटीत आहे, त्यामुळे बोलावलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मंडळाच्या कुलकर्णीबाईंनी सुंदर अक्षरात निवेदन लिहून दिलं: आता सादर होत आहे मेटल आणि डबस्टेप यांचा संगम.

निवेदन करायला माझी मामेबहीण साक्षी. ती इथल्याच इंग्लिश शाळेत शिकलेली. मराठी बोलते फर्डी, वाचताना मात्र एकेक अक्षर दबकत उचलते, आणि अनुस्वार दिसला नाही तर प्रेमानं स्वतःचा देते. माईकवर गेली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आता सादर होत आहे मेंटल आणि डबल स्टेप यांचा संगम."

मेंटल ऐकून लोक माझ्याकडं बघायला लागले. डबल स्टेप ऐकून महिला मंडळाचं लेझीम पथक उठलं. त्यांचा नाच डबल स्टेपचाच होता. त्यांना वाटलं, क्रम बदलला. आम्ही तारा जोडेपर्यंत नऊवारी नेसलेल्या सगळ्या जणी लेझीम घेऊन आमच्यासमोर रांगेत उभ्या.

"आता?" मी विकासला विचारलं.

"आता काय. यांना जा म्हणायची हिंमत आहे तुझ्यात?"

श्रीनूनं चार मोजले. आम्ही वाजवलं. बायकांनी पहिल्या ठेक्याला जरा इकडंतिकडं बघितलं, मग पथकाच्या पुढारी असलेल्या सरोजकाकूंनी मान डोलावली आणि सगळ्या सुरू झाल्या. ड्रॉपच्या आधी सगळं थांबलं, तर त्याही थांबल्या, लेझीम वर धरून. ड्रॉप कोसळला, त्या सगळ्या एकदम खाली वाकल्या. टाळ्या अशा पडल्या की इम्रानच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी अध्यक्ष बोलले. म्हणाले, "लेझीम उत्तम. मागचा आवाज तेवढा कमी ठेवायला हवा होता."

* * *

पण गंमत पुढं बिघडली.

एका पबमध्ये आम्हाला दुपारचा कार्यक्रम मिळाला. पहिलाच खरा कार्यक्रम, जिथं कुणाची आई कमिटीत नव्हती. विकासनं नवं गाणं बांधलं होतं. त्यात एका जागी त्याला ब्रेकडाउन हवा होता. नेमक्या त्याच जागी इम्रानला ड्रॉप हवा होता. जागा एकच. दोघंही मूळ कुणाचं यावर आले, क्रॉयडन झालं, जमैका झालं, विकास तर मेटलचं जन्मगाव बर्मिंगहॅम असं म्हणायला लागला की जणू तिथं त्याची शेती आहे. दोघांनी बोलणं टाकलं. निरोप श्रीनूकडून जायला लागले.

विकास म्हणाला, "त्याला सांग, ड्रॉपमध्ये दम नाही."

आता श्रीनूची घरची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत दम्मु म्हणजे छातीतली हिंमत. श्रीनू दोन पावलं चालून इम्रानकडं गेला आणि आपल्या परीनं प्रामाणिकपणे म्हणाला, "तेरे में दम्मु नै बोल रा."

इम्राननं गाणं थांबवलं. लॅपटॉप बंद केला, वायर नीट गुंडाळली, बॅगेत ठेवली. जाताना मला म्हणाला, "मंजिरी, चलता मैं." मी थांब म्हणाले. तो थांबला नाही. खरं काय बोलणं झालं होतं ते मला नंतर कळलं, तोवर तो फोन उचलत नव्हता.

पबमध्ये आम्ही तिघांनीच वाजवलं. वाईट झालं नाही. लोकांनी टाळ्या दिल्या. ब्रेकडाउनच्या जागी विकासनं डावीकडं बघितलं, जिथं इम्रानचं टेबल असतं. तिथं कुणाच्यातरी बॅगांचा ढीग होता. उतरल्यावर त्याला विचारलं, कसं वाटलं. म्हणाला, "जागा रिकामी राहिली." कुठली जागा ते मी विचारलं नाही.

त्यानंतर रविवारी खोलीवर कुणी जाईना. मी एकदा बेस आणायला गेले तर जाधवकाका पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणाले, "भांडलात वाटतं. बायका विचारतात, हल्ली पीठ चाळलेलं का नसतं."

* * *

एप्रिल आला. विकासचे बाबा, म्हणजे आमचे कांबळेकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले. मूळचे नांदेडकडचे. पेटी वाजवून भीमगीतं गातात. अंबरपेठेत जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर मोठे स्पीकर चढवतात आणि काका समोर माईक घेऊन उभे राहतात, हे दरवर्षीचं. त्या वर्षी काकांनी स्पीकर आदल्या दिवशी स्वतः गौलीगुड्याला जाऊन भाड्यानं आणले. आणि सकाळी कळलं की ते चालवणारा माणूस काविळीनं आडवा झालाय.

काकांनी विकासला विचारलं नाही. सरळ इम्रानला फोन लावला. "बेटा, तुला ते मशीन येतं ना? ये." भांडणाचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. इम्रान आला. विकास आधीच गिटार घेऊन ट्रकवर होता, बापाला नाही म्हणता आलं नव्हतं. दोघं ट्रकच्या दोन टोकांना, मध्ये स्पीकरची भिंत. मी आणि श्रीनू खाली चालत होतो.

काका गायला लागले. इम्राननं खाली हळू ठेका धरला, काकांच्या सुराला कुठं धक्का न लावता. विकास नुसते जाड सूर सोडत होता. काकांची एक सवय आहे. कडवं संपलं की मुखड्यावर यायच्या आधी ते हात वर करतात आणि गप्प राहतात. किती वेळ ते त्यांचं त्यांना. त्यांनी हात वर केला. इम्राननं सगळं कापलं. विकासनं तारांवर तळवा ठेवला. अख्खी गल्ली श्वास धरून उभी. गॅलरीतल्या बायका, खांद्यावरची पोरं, सगळे त्या हाताकडं बघत.

हात खाली आला. इम्रानचा बेस आणि विकासची गिटार एकदम, एकाच जागी कोसळली. ते ड्रॉप होतं की ब्रेकडाउन, मी तिथं होते आणि मला सांगता येणार नाही. पायाखालचा रस्ता हलला आणि माणसं नाचायला लागली. श्रीनू माझा हात धरून काहीतरी ओरडत होता, ऐकू आलं नाही.

गाणं संपलं. इम्रान स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "फिरसे?"

"हौ," विकास म्हणाला.

पुन्हा झालं. तिसऱ्यांदाही झालं. मिरवणुकीपुढं चालणारा बंदोबस्ताचा पोलीस, मोठ्या मिशांचा, मघापासून मान हलवत होता. चौकात ट्रक थांबला तेव्हा तो जवळ आला, स्पीकरच्या भिंतीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "जबरदस्त है. ये कां से आया?"

दोघं ट्रकच्या दोन्ही बाजूंनी वाकले.

"बर्मिंगहॅम," विकास म्हणाला.

"साउथ लंदन," इम्रान म्हणाला, "उसके पैले जमैका."

पोलिसानं याच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि मग कांबळेकाकांकडं बघितलं.

काका रुमालानं मान पुसत म्हणाले, "गौलीगुडा से. कल सुबू वापस देना है."