ऑक्सिजनचं मशीन आणि ब्रेककाका

शाळेच्या बसवर हयात काढलेल्या या माणसाला पोरं ‘ब्रेककाका’ म्हणायची. रस्ता मोकळा असला तरी त्यांचा पाय आपला ब्रेकवर. “काका, पुढे मुंगी आहे!” असं पोरं ओरडायची आणि काका हसत खरंच गाडी हळू करायचे. निवृत्तीनंतरही स्वभाव तोच.

असा माणूस फसला, तोही मोबाइलवर.

काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, “घरी सोडतो, पण घरात ऑक्सिजनचं मशीन हवं.” भाड्याने एकही मशीन मिळेना, नवं घेणं आवाक्याबाहेर. खरेदी-विक्रीच्या एका अॅपवर जुनं मशीन दिसलं. “लवकर ठरवा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय,” असं विकणारा म्हणाला आणि काकांनी आगाऊ पैसे पाठवले. त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच. वर भलत्याच लोकांचे फोन सुरू झाले; कुणी कर्ज देतंय, कुणी बक्षीस. फोन वाजला की काका तो उलटा करून ठेवायचे. काकूंना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

परगावी राहणाऱ्या लेकीने दुसरं अॅप सुचवलं. “बाबा, हे फक्त आपल्या भागापुरतं आहे. ओळखीच्या दोघांनी हमी दिल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. नंबर, पत्ता कुणालाच दिसत नाही. पैसे अॅपकडे राहतात. वस्तू बघून तुम्ही ‘मिळाली’ दाबलं तरच पुढे जातात.”

“आणि अॅपवालाच पळाला तर?”

“बाबा!”

“नाही, आपलं विचारलं.”

शेजारच्या मास्तरीणबाईंनी आणि औषधवाल्याने हमी दिली. चार दिवस धीर एकवटून काकांनी शेवटी एक मशीन पक्कं केलं. विकणाऱ्याचं नाव अॅपवर नुसतं ‘खिडकी’. वाचनालयाच्या पायऱ्यांवर सकाळी भेटायचं ठरलं. काकूंना दुसऱ्याच दिवशी घरी सोडणार होते.

काका वेळेआधी पोचले. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या बसथांब्यावर एक बाई चाकांची मोठी बॅग पायांशी धरून बसली होती. बस आली, गेली. बाई जागची हलली नाही. दुसरीही गेली. काकांनी बघितलं की ती तोंड फिरवायची. काकांना वाटलं, टोळीच असणार, ही पाळतीवर बसलीय. निघून जावं का? पण मग काकूंना कुठे नेणार?

शेवटी त्यांनी अॅपवर लिहिलं, “मी आलोय. तुम्ही कुठे?”

थांब्यावरच्या बाईच्या हातातला फोन वाजला.

ती रस्ता ओलांडून आली, पण चार हात लांबच थांबली. “तुम्ही सारखे मागे वळून बघत होता. मला वाटलं, तुमच्याबरोबर कुणी आहे.”

“मला वाटलं, तुमच्याबरोबर आहे.”

हसलं मात्र कुणीच नाही. ती तिकीट खिडकीवर कामाला होती. मशीन तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर त्यांचं कपाट विकायला काढलं, तर बघायला आलेला माणूस घरभर नजर फिरवून गेला आणि नंतर कितीतरी दिवस दारावरून घिरट्या घालत राहिला. तेव्हापासून ती घरी कुणाला बोलवत नसे.

ग्रंथपालांनी आत प्लग लावू दिला. मशीन घुमायला लागलं. काकांचा जीव भांड्यात पडतोय तोच पिवळा दिवा लागला आणि पीं पीं सुरू झालं. वाचणाऱ्यांच्या माना वळल्या. काका खुर्चीत बसले. “झालं! पुन्हा तेच.”

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. “शप्पथ घेऊन सांगते, घरी हा दिवा कधीच लागला नव्हता.” मग स्वतःलाच सावरत म्हणाली, “तुम्ही अॅपवर काही दाबू नका. आधी दुरुस्तीवाल्याकडे जाऊ. मीही येते. जमलं नाही तर हे परत नेते.”

बॅग खडखडत दोघं निघाले. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं तर हवा गाळायची जाळी धुळीने गच्च भरलेली. त्याने ती बदलली, नळीला ऑक्सिजन मोजायचा मीटर लावला. “आकडा बरोबर आहे. पण थोडा वेळ चालवून पुन्हा बघतो.”

तो थोडा वेळ संपता संपेना. बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते, पण डोळे त्या दिव्यावर. “बाबा शेवटी दवाखान्यातच होते,” ती हळूच म्हणाली. “तेव्हापासून मी याला हात लावला नाही.” “माझी बायको उद्या येतेय,” एवढंच काका म्हणाले.

दुसऱ्यांदाही आकडा बरोबर आला. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि ‘मिळाली’ दाबलं.

काकू घरी आल्या. काका दर घटकेला मशीनपाशी जाऊन बघत. “अहो, जरा बसा. तुमच्याकडे बघूनच मला दम लागतोय,” काकू म्हणाल्या. अखेर काकांनी सगळं सांगून टाकलं, फसल्याचंसुद्धा. काकू रागावल्या नाहीत, नुसता हात धरून राहिल्या.

आठवड्याभराने अॅपवर निरोप आला : “मशीन चालतंय ना? काकू कशा आहेत?”

“बोलवा की तिला घरी,” काकू म्हणाल्या.

काकांनी पत्ता लिहिला, पुसला, परत लिहिला. मग एकदाचा पाठवला.

ती रविवारी आली. दारातून आधी मशीनकडेच बघितलं, त्याची घरघर ऐकत जरा वेळ उभी राहिली. मग काकूंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “चहा चालेल हं मला.”