एस्तेर गेली तेव्हा मी तिथं नव्हतो

लोकांनी मन मोकळं करायला माझ्याकडे यावं, हे माझं कामच — सांगलीजवळच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक. माझं स्वतःचं मात्र एक आहे, जे मी कुणापुढेच काढलेलं नाही. देवापुढेसुद्धा — शब्दांत नाही.

एस्तेर, माझी बायको, सात वर्षांपूर्वी गेली. कर्करोग. त्या दिवसांत मी रविवारी पुनरुत्थानावर बोलायचो आणि आतून — कसं सांगू तुम्हाला? — ठणठणीत कोरडा होतो. मेलेलं माणूस उठतं, हे मला पटत नव्हतं. कधीपासून, तेही आठवत नाही. तरी बोलत होतो. सवय होती.

दवाखान्यात त्या दुपारी तिनं माझं मनगट धरलं. "आवं, खरं सांगा. मी उठंन का परत?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर मी वचनं म्हणून दाखवली असती. तिच्याशी खोटं बोलवेना. आणि खरं? तेही बोलवेना. म्हणालो, "औषध संपलंय, घेऊन येतो." संपलेलं नव्हतं. मी बाहेर रसवंतीच्या बाकावर तासभर बसलो, चरकात ऊस जाताना बघत. परतलो, तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती. नर्स म्हणाली, "त्यांनी लय हाका मारल्या वो तुमाला."

मी रडलो नाही. सह्या मागितल्या, त्या केल्या.

तिची आई लोणंदहून संध्याकाळी आली. "शेवटाला काय म्हणली वो ती?" मी म्हणालो — हात माझ्या हातात होता, प्रार्थना चालली होती, हसत गेली. पुढं दर पुनरुत्थानाच्या सणाला सासूबाई यायच्या, कबरीला चुना लावायच्या आणि तेच विचारायच्या. मी तेच सांगायचो. दरवेळी थोडं वाढवून. एका वर्षी तर एस्तेरच्या तोंडी गाणंही घातलं.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. मी लोणंदला गेलो. शांत होत्या. म्हणाल्या, "आता लेकीकडंच चाललीया. समदं तिच्याच तोंडनं ऐकते. ते गाणं बी म्हणाय लावते."

मी भ्यालो — पण कुणाला? ती उठणारच नाही असं इतकी वर्षं धरून चाललो होतो ना? मग ती आईला काय सांगेल, याची भीती कशाला?

तेव्हा कळलं, माझा विश्वास आहे. आनंदाचा नाही. असा.

तरी मी तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी सासूबाई गेल्या, माझं खोटं उराशी धरून. त्यांना मातीत ठेवताना मी म्हणालो, ख्रिस्त उठला, तशा याही उठतील — आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटला. लोक रडत होते. मी मूठभर माती टाकली, हात झटकले.

दोघी उठतील. भेटतील. सासूबाई विचारतील, आणि एस्तेर सांगेल — "हे तिथं नव्हतेच, आई."