सतरा नंबरचा कंप्युटर

ही सुनेची प्रॅक्टिकलची वही. मागची पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. तिच्या हाती कधी लागली तर तिनं माझ्या चुका मोजू नये. चौथीपर्यंतच शिकले, वेलांट्या कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, ते आता आठवत नाही. अक्षर तर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे. पण जे झालं ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण तोंडानं सांगायला मला जमत नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात झाडूपोछा करते. नऊ वर्षं झाली. कंप्युटरची खोली माझ्याकडेच आहे. सून लग्नाआधीपासून कंप्युटरचं शिकत होती, तिची शेवटचीच परीक्षा राहिली होती. पण नात सहा महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला सोडून गडचिरोलीला कॉलेजात जाऊन कंप्युटरवर बसणं होत नव्हतं. वीस प्रोग्राम करून, ते चालवून, वहीत उतरवून महिनाअखेर द्यायचे होते. नाही दिले तर वर्ष वाया. मोबाईलवर एकदोन केले तिनं, पण डोळे लाल करून बसायची.

तेवढ्यात आमच्या कॉलेजानं मागच्या रांगेतले सहा जुने कंप्युटर काढायला घेतले. भंगारवाला येण्याआधी कर्मचाऱ्यांना हवा असेल तर चार हजारात, पडद्यासकट. माझ्याकडे चार हजार कुठले. बचत गटात पाच वर्षं दाराजवळ बसत होते, एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"मले चार हजार पाहिजे," म्हटलं. "कंप्युटर घ्याचा हाय."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "कंप्युटर घेऊन का करशीन व?"

दुसरी म्हणाली, "त्याच्यानं पोछा मारन."

मीही हसले. अध्यक्षबाईंनी दहा हप्ते ठरवून पैसे दिले.

कॉलेजात सगळ्यांनी चकचकीत पाहून कंप्युटर उचलले. शिपाईभाऊंनी मोठ्या पडद्याचा घेतला. मी सतरा नंबरवर हात ठेवला. तो सगळ्यांत पिवळा पडलेला होता.

क्लार्क म्हणाले, "बाई, हा कळकट आहे. दुसरा घ्या."

मी नुसती मान हलवली. नऊ वर्षं मी त्या सगळ्यांच्या पाठी पुसत होते. बाकीच्यांच्या मागून गरम हवा यायची, अंगाला लागायची. सतराच्या मागून कधी आली नाही. बाकीच्यांचे डबे कंप्युटर शिकवणारे सर दर महिन्याला उघडून बसायचे. सतराचा स्क्रू त्यांनी हलवलेला मी पाहिला नव्हता. पण हे क्लार्कला कसं सांगू, म्हणून मान हलवली.

घरी आणला. नवऱ्यानं चारही बाजूंनी पाहिला. "टीव्ही घेतला असता त सिनेमा तरी दिसला असता," म्हणाला.

शनिवारी सुनेनं मोबाईलचं नेट जोडून प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं. अख्खा दिवस गेला आणि त्या दिवसाचं नेटही. संध्याकाळी बसवायला गेली तर एक खिडकी आली, लाल फुलीची. तिनं दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तीच.

"का म्हणते ते?" मी विचारलं.

"आई, म्हणते का हे या मशीनवर चालतच नाई. मशीन जुनं हाय." तिचा आवाज बसला होता. "तुमचे पैसे गेले न."

मला तिचं तोंड पाहवेना. तिला पैशाचं वाटत होतं, मला तिच्या वर्षाचं. रविवार असाच गेला. चूल फुंकता फुंकता मला एक आठवलं. सर नवीन कंप्युटरांवर सॉफ्टवेअर बसवायचे तेव्हा नेटवरून बसवायचे. मागच्या रांगेशी आले की खिशातून एक पेन ड्राइव्ह काढायचे, लाल धागा बांधलेला. पुढच्या रांगेला तो कधी लावला नाही. दरवर्षी असंच.

सोमवारी मी खोली झाडली, पुसली, पुन्हा पुसली. सर येऊन बसले. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी "हो सर" याच्यापुढं बोलले नव्हते. पोछ्याचा दांडा हातात धरूनच उभी राहिले.

"सर, तो लाल धाग्यावाला पेन ड्राइव्ह एक दिवस भेटन का?"

त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला काय करायचाय तो, बाई?"

"सतरा नंबर मी नेला. सुनेले प्रोग्राम शिकाचा हाय. नवीनवालं बसून नाई राह्यलं."

"सतरावर नवीन कसं बसेल? त्याला जुनंच लागतं, तेच यात आहे." आणि मग म्हणाले, "या धाग्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाई. पाहत होती न मी."

सर खूप वेळ हसले. कपाटातून पेन ड्राइव्ह काढून दिला. मी तो रुमालात बांधून कमरेला खोचला आणि गावच्या फाट्यापर्यंत दर दोन मिनिटांनी चाचपत गेले.

घरी सुनेनं लावला. खिडकी आली, या वेळी लाल फुली नव्हती. कुठं काय दाबायचं ते ती वाचून करत होती, पण एका ठिकाणी मी तिचा हात धरला.

"तिथली बरोबरची खूण काढून टाक. सर काढत होते."

तिनं वाचलं आणि म्हणाली, "हो व आई, हे नेट मांगते." तिनं खूण काढली.

हिरवी पट्टी पुढं सरकायला लागली. अर्ध्याच्या पुढं गेली आणि उभी राहिली. पंखा घुंघुं करत होता, पट्टी हलत नव्हती. सून बोट बटणाकडं न्यायला लागली.

"अटकलं वाटते. बंद करून पुन्हा लावू का?"

"नको व. इथी ते थांबतेच. सर इथी चहाले जाते, आन् मी पूर्ण व्हरांडा पुसतो. व्हरांडा झाला का ते होते."

"मंग आता?"

आता काय, मी बादली भरली. पण कॉलेजचा व्हरांडा केवढा आणि आमच्या खोल्या दोन. एक पोछा झाला, पट्टी तिथंच. म्हणून दुसरा मारला. मग तिसरा. सून नातीला मांडीवर घेऊन हसत बसली होती. नात ओल्या फरशीवर हात आपटत होती. लाखोळी डाळीच्या वावरातून नवरा आला आणि चिखलाच्या पायांनी दारातच थांबला.

"आज कोनता सण हाय?"

"पाय बाहेर ठेवा," मी म्हटलं. "कंप्युटर होऊन राह्यला."

"पोछ्यानं?"

चौथा पोछा उंबऱ्याशी आला तेव्हा सून म्हणाली, "आई, झालं." मी ओल्या हातानंच धावले. पट्टी शेवटाला पोचली होती आणि कोरं पान उघडलं होतं, आत एक बारीक रेघ लुकलुकत होती. मी खाली बसले. सुनेनं नातीला माझ्याकडं दिलं आणि पदरानं डोळे पुसले. नवरा पाय धुऊन आत आला, पडद्याकडं पाहिलं. "यात तर काहीच नाई," म्हणाला, आणि तरी पाटावर बसून राहिला.

सुनेनं विचारलं, "पहिला प्रोग्राम कायचा लिहू?"

मला काय सुचणार. "माझ्या हप्त्याचा लिही," म्हटलं.

तिनं चार हजार टाकले, शेकडा दोन रुपये महिना व्याज टाकलं. एक कळ दाबली तर दहा ओळी खाली उतरल्या. पहिल्या महिन्याला चारशे ऐंशी, मग चारशे बहात्तर, असं कमी कमी होत दहाव्याला चारशे आठ. शेवटी बाकी शून्य. आमच्याकडं छापायची मशीन नाही, म्हणून तिनं ते कागदावर उतरवून भिंतीला चिकटवलं.

वीस प्रोग्राम तिनं अठरा दिवसांत केले. वही वेळेत दिली आणि सून पास झाली; तपासून परत आली तीच ही वही. मी पेन ड्राइव्ह दुसऱ्याच दिवशी सरांना परत केला होता, धागा मळला होता म्हणून नवा बांधून.

हप्ते भरत गेले. सहाव्या महिन्याला अध्यक्षबाई म्हणाल्या, "चारशे अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "चारशे चाळीस." भिंतीवरचा कागद मला पाठ होता. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. त्या मागच्याच महिन्याचं व्याज लावत होत्या. पोछ्याचं बोललेली जी होती, ती मला म्हणाली, "माह्या बी हप्त्याचं काढून दे न व." पुढच्या बैठकीला सून नातीला कडेवर घेऊन आली आणि अकरा जणींचे कागद घेऊन आली.

काल दहावा हप्ता होता. चारशे आठ रुपये मी मोजून अध्यक्षबाईंच्या हातात दिले. त्यांनी रजिस्टरमध्ये बाकी रकमेच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि मी त्याच्यापुढं सही केली.