वाढत्या झाडांचं माप

आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचं खरं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर माझ्या पुढच्या सदऱ्याची एक बाही हमखास आखूड निघेल. तीस वर्षं शिवणयंत्र चालवून या बाई पन्नाशीत शेतकरीणही झाल्या. आईने उताराची जमीन त्यांच्या आणि थोरल्या भावाच्या नावे ठेवली होती. दादाने आपल्या भागात सावलीच्या झाडांशिवाय निव्वळ कॉफी लावली. बाईंनी कॉफीत मॅकाडेमियाची कलमं लावली आणि मधल्या जागेत तूर, चवळी. मॅकाडेमिया म्हणजे दगडी कवचाचा सुका मेवा. दादाने एकदा तो दाताने फोडून पाहिला. तेव्हापासून तो फोटोत तोंड मिटून उभा राहतो.

चूक मात्र बाईंचीच. लहान मुलांचे कपडे शिवताना दोन बोटं कापड आत दुमडून ठेवणाऱ्या या बाईंनी झाडं मात्र रोपाच्या अंगाबरोबर बेतली, चार-चार पावलांवर. पाचव्या वर्षी फांद्यांत फांद्या अडकल्या, खाली दिवसा अंधार, आणि कॉफीला औषधालाही फूल नाही.

"छोटे, हे वर्ष सोडतो," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी कॉफी फुलली नाही, तर ही सगळी झाडं आडवी करायची. जमिनीच्या कागदावर माझीही सही आहे."

"सगळी नाही. एकाआड एक. आणि ती मीच तोडणार."

तोडली. स्वतः बांधलेल्या कलमांवर, फळं धरायच्या तोंडावर, स्वतःच्या हाताने करवत चालवली. शिवाय कोवळी तूर अर्धीअधिक कापून कॉफीच्या बुडाशी अंथरली. बाईचं डोकं फिरलंय, असं गल्ली म्हणाली. गल्लीत मीही आलो; खोटं कशाला बोलू?

"शेंगा येऊ तरी द्यायच्यात," मी म्हटलं.

"भाऊजी, थोडं आपण खायचं, थोडं जमिनीला घालायचं. तुम्हाला सगळं आपल्याच ताटात लागतं."

पुढचा उन्हाळा कडक निघाला. दादाच्या कॉफीची पानं करपली, हिरवी फळं गळून पडली. बाईंच्या विरळ सावलीत मात्र कॉफी फांदीभर फुलली आणि फळ टिकलं, सावकाश पिकलं, टपोरं झालं. खरेदी केंद्रातला कॉफी चाखणारा माणूस एरवी घोट घेऊन थुंकतो. बाईंची कॉफी त्याने गिळली, पेला पुन्हा पुढे केला आणि पोत्यांवर पहिल्या प्रतीचा शिक्का मारला. वरच्या झाडांना मॅकाडेमियाचे घोसही लागले होते.

दादा उतारावर येऊन मान वर करून घोस मोजू लागला.

"मग, कधी तोडायची?" बाईंनी विचारलं.

"तुझी कोण तोडतंय. मला चाळीस कलमं बांधून दे."

"देते. पण पाच वर्षं लोकांची बोलणी खायची तयारी ठेव."

"लोक कसले," दादा म्हणाला, "मीच तर बोलत होतो."