मठातली मागची खोली

आमच्या लॅबमध्ये हाडांपेक्षा किस्से जास्त जमतात. हाडं निदान धुऊन, पिशवीत घालून, लेबल लावून कपाटात ठेवता येतात. किश्श्यांचं काय करायचं? ते साठत जातात, एकावर एक थर चढतो आणि मग कुणीतरी चहाच्या वेळी नुसतं विचारतं, "काय गं, काय चाललंय तुझ्या मठात?" झालं! पहिला थर निघाला की खालचे सगळे बाहेर येतातच.

मठ म्हणजे उत्तर फ्रान्समधला. बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा, मध्ययुगातला. आता छप्पर नाही, अर्ध्या भिंती नाहीत. साधू गेल्यावर गावकऱ्यांनी दगड उचलून नेले आणि गोठे बांधले. आमच्या प्रोफेसरबाई दर उन्हाळ्यात तिथे खणायला जातात आणि तिथली हाडं रीतसर परवानगीने अभ्यासासाठी इथे, न्यू जर्सीत, आमच्या विद्यापीठाच्या तळघरातल्या लॅबमध्ये येतात. मी ती धुते, ओळखते, मोजते. मी आर्किऑलॉजीत पीएचडी करते. हे वाक्य मी अभिमानाने म्हणते. आमच्या घरात ते कुजबुजत म्हणायची पद्धत आहे.

*

आयसेलिनला, इथल्या देशी बाजारात, साडीच्या दुकानात लिमये काका भेटले. काका बाबांचे जुने मित्र, हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. काकू पैठणी बघत होत्या, त्यामुळे काकांना वेळच वेळ.

"मुलगी काय करते सध्या?" त्यांनी बाबांना विचारलं. मी शेजारी उभी होते, पण आमच्याकडे मुलीबद्दलचा प्रश्न मुलीला विचारत नाहीत.

"डेटात आहे," बाबा म्हणाले.

"अरे वा! कुठली कंपनी?"

बाबांनी समोरच्या साडीचा काठ चाचपला. "क्लायंट फ्रेंच आहेत."

मला राहवलं नाही. "क्लायंट मेलेत, काका. सगळेच्या सगळे!"

गाडीत बाबा म्हणाले, "लोकांसमोर तोंड आवरत जा जरा." मी म्हटलं, "लोकांसमोर खोटं आवरत जा जरा." पुढचा अख्खा रस्ता आईने गाण्याचा आवाज मोठा ठेवला.

*

त्या दिवशी दुकानातच मी लिमये काकांना लॅबचं आणि हाडांचं खरं सांगून टाकलं होतं. आणि ते चक्क शनिवारी लॅबमध्ये हजर! म्हणाले, "घरी बसून कंटाळलो. हाडं आहेत म्हणालीस ना?"

मी त्यांना टूथब्रश आणि पाण्याचा टब दिला. थोड्या वेळाने त्यांनी एक हाड दिव्यासमोर धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"फ्रॅक्चर आहे. नीट बसवलेलं नाही. चालताना लंगडत असणार बिचारा. कुठल्या डॉक्टरने केलं हे?"

"काका, डुक्कर आहे ते."

काकांनी हाड हळूच टबात परत ठेवलं. मग म्हणाले, "तरी फॉलोअप घ्यायला हवा होता."

*

बेनेडिक्टाइन साधू जेवताना बोलत नसत. एकजण धर्मग्रंथ वाचायचा, बाकीचे हातांच्या खुणांनी मीठ-पाणी मागायचे. हे मी रविवारी घरी सांगितलं. आईला कल्पना फारच आवडली. "आज करूनच बघू. कोणी एक शब्द बोलायचा नाही!"

बाबांनी दुसऱ्या पुरणपोळीनंतर ताटावर आडवा हात धरला. आईने पोळी त्या हातावर वाढली. त्यांनी दोन्ही हात धरले. आईने वरून तूप घातलं.

"अगं, खूण कळत नाही का तुला?" बाबा ओरडलेच.

"बोललात! हरलात!" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "त्या मठात बायका नव्हत्या ना? तरीच."

*

आता मुख्य भानगड. मठाच्या भोजनगृहामागे एक छोटी खोली आहे. आत चूल. प्रोफेसरबाईंनी नकाशावर तिला 'कोठार' म्हटलंय. गेली कित्येक वर्षं म्हटलंय, लेखांतून छापलंय, आणि बाईंनी एकदा छापलं की ते दगडापेक्षा पक्कं.

माझं म्हणणं वेगळं. साधूंच्या नियमात आजारी माणूस सोडून कुणालाही चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य. भोजनगृहाच्या गटारात मला फक्त मासे आणि अंड्यांची टरफलं मिळाली. सोवळं एकदम कडक! पण या मागच्या खोलीच्या उकिरड्यात? मेंढी, डुक्कर, गाय, सगळं. दुसऱ्या काही मठांत साधूंनी अशी पळवाट काढल्याचं माहीत आहे: भोजनगृहात मांस चालत नाही ना, मग शेजारच्या खोलीत बसू!

बाई म्हणाल्या, "नियम चुकवायला कुणी अख्खी खोली बांधत नाही."

बाई अमेरिकन, नेब्रास्कात वाढलेल्या. त्यांनी आमचं गराज बघितलेलं नाही.

सेमिस्टरच्या शेवटी माझं सगळ्यांसमोर लेक्चर होतं. बाईंना पटलं तर हाच माझा थिसिस. नाही पटलं तर मी खापऱ्यांची यादी करत बसायची. आणि बाबांनी आधीच सांगून ठेवलेलं, "खापऱ्याच मोजायच्या असतील तर सरळ डेटाचा कोर्स कर."

*

आमच्या गराजबद्दल सांगायलाच हवं. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. पण पिस्कॅटवेच्या आमच्या घराच्या गराजमध्ये, बर्फ हटवायच्या स्नो ब्लोअरच्या शेजारी, बाबांची एक शेगडी आहे. वेगळं पातेलं, वेगळा डाव, मसाल्याचा वेगळा डबा. आई त्या कोपऱ्याकडे न बघता गाडी काढते. इथल्या मराठी मंडळात मात्र बाबा म्हणजे शुद्ध शाकाहारी. गणपतीत अथर्वशीर्ष तेच सांगतात!

मी चिडून बाबांना नकाशा दाखवला. ते लॅपटॉपवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"चूल बाहेरच्या भिंतीला आहे," ते म्हणाले. "वास भोजनगृहात जायला नको म्हणून. बरोबर केलंय. अगं, हे कोठार कसलं? हे गराज आहे!"

"मग हे बाईंना येऊन सांगा ना!"

"वेड लागलंय का? लिमये असतो तिथे!"

*

लेक्चरनंतर समोसे आहेत हे कळल्यावर मंडळातली बरीच काका-काकू मंडळी आली. आई-बाबा मागच्या रांगेत बसले. मी हाडं दाखवली, आलेख दाखवले, चूल दाखवली.

प्रोफेसरबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "हाडांवरून ते काय खात होते हे कळतं. पण एवढी धार्मिक माणसं, स्वतःच्याच घरात, फक्त खाण्यासाठी वेगळी जागा ठेवतील? मला असं एक उदाहरण दाखव."

मी दुसऱ्या मठांची उदाहरणं दिली. त्यांनी मान हलवली. "तिथे तशा नोंदी आहेत. इथे नाहीत."

कोपऱ्यात समोशांचा वास सुटला होता आणि डोळ्यांसमोर खापऱ्या दिसत होत्या.

मागे खुर्ची सरकली. बाबा उभे!

"मॅडम, आमच्याकडे आहे अशी खोली," ते इंग्रजीत म्हणाले.

"कुठे?"

"पिस्कॅटवेत. स्नो ब्लोअरच्या शेजारी. देवघर आत, चिकन बाहेर. चाळीस पावलांचंही अंतर नाही, पण नियम मोडत नाही."

लिमये काका गर्रकन वळले. "तू? अथर्वशीर्ष सांगणारा?"

"हो, मीच. आणि अजून एक, सगळ्यांनी ऐका. माझी मुलगी डेटात नाही. ती आर्किऑलॉजिस्ट आहे. आणि ती बरोबर आहे!"

मग लिमये काकांनी घसा खाकरला. "माझी बेसमेंटमध्ये आहे."

"अहो!" काकू किंचाळल्या.

प्रोफेसरबाई उठल्या. फळ्यावरच्या नकाशापाशी गेल्या, मार्कर उघडला आणि 'कोठार' या शब्दावर सरळ काट मारली. मग वळून त्यांनी सगळ्या काका-काकूंकडे नीट बघितलं, जसं त्या नव्याने सापडलेल्या भिंतीकडे बघतात.

"अशी वेगळी जागा आणखी कुणाकडे आहे? हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा. मग दोन-तीन एकदम. मी हसत मागच्या रांगेकडे बघितलं.

आईचा हात वर होता.

बाबा तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, हात खाली घे. गराजचं मी सांगितलंय."

आई म्हणाली, "मी गराजबद्दल बोलतच नाहीये."